परतीचा ठेका

राजापेठ, अमरावती
३ मार्च २०२४

ताराताई,

तुमचे भाऊ गेले, हे तुमच्या चुलत घरच्या भगवंतदादांनी तुम्हाला कळवलं असेलच. तरी तेरावीलाही तुम्ही आला नाहीत, तेव्हा निरोप पोचलाच नसेल असा संशय आला आणि मी बार्शीटाकळीच्या नंबरवर फोन लावला. मी नाव सांगितलं. तुम्ही ‘राँग नंबर’ म्हणालात. लग्नाला इतकी वर्षं झाली, तुमचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. पण शब्द मधेच तोडायची पद्धत हुबेहूब यांची. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्राला राँग नंबर म्हणता येत नाही.

कसे गेले ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. मी सांगते. संध्याकाळचा क्लास चालू होता. जॅझमध्ये गुडघे कधी ताठ ठेवायचे नाहीत, अंगाची ओढ जमिनीकडे हवी, हे ते पोरींना दाखवत होते. दाखवता दाखवता खाली बसले. पोरींना वाटलं, हेही शिकवणंच आहे. त्याही सगळ्या त्यांच्याबरोबर खाली बसल्या. निधी, आमची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी, तिला आधी कळलं.

तेरावी झाल्यावर भगवंतदादांनी मला समोर बसवलं. वर्षभर या घरात वाद्य वाजायचं नाही, म्हणाले. क्लास घराच्या पुढच्या हॉलमध्ये भरतो, तेव्हा क्लास बंद. गाणं वाजलं असं कानावर आलं तर वर्षश्राद्धाचे विधी करायला मी पाटावर बसणार नाही, असंही म्हणाले. आम्हाला मूलबाळ नाही, अग्नी त्यांनीच दिला; तेव्हा ही नुसती धमकी नव्हती, त्यांच्या शब्दाला वजन होतं.

मी त्यांना म्हटलं, बघू. तुम्हाला सरळ सांगते: मी क्लास बंद करणार नाही. राजापेठेत गल्लीगल्लीत ट्यूशन आहेत. वर्षभर दार लावून ठेवलं तर पोरी गणिताच्या नाहीतर कशाच्या तरी क्लासला जातील आणि परत येणार नाहीत.

आता तुमच्याकडचं काम. दिवाळीपासून ते एक नाच बसवत होते. पूर्वार्ध पुरा बसला. निधीनं विचारलं, सर, पुढं काय? तर म्हणाले, “पुढचं ताराला ठाऊक आहे.” तुमच्या दोघांच्या अकोल्याच्या गॅदरिंगमधल्या नाचाबद्दल ते बोलत होते, हे मला माहीत आहे. वर्षश्राद्धाच्या दिवशी संध्याकाळी पोरी हा नाच पुरा करतील असं मी ठरवलं आहे. पुढचं मला कळवा. चार ओळी पुरेत.

तुमची वहिनी,
रुख्मिणी


राजापेठ, अमरावती
२१ एप्रिल २०२४

ताराताई,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून बसले नव्हते.

क्लास सुरू केला. पहिल्या दिवशी पोरी दारातच घोटाळल्या. म्युझिक लावायचं बटण मीच दाबायची, इतकी वर्षं माझं तेच काम. पण त्या दिवशी हात पुढं होईना. निधी म्हणाली, मावशी, मी लावू का? मी म्हटलं, नाही, दादांना कोणी सांगितलंच तर नाव माझं यायला हवं. आणि लावलं. शेजारच्या खिडकीतून कोणी तरी डोकावलं. डोकावू दे.

मला नाचता येत नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. माझं शिक्षण सातवीपर्यंतचं, धामणगाव रेल्वेच्या शाळेतलं. पण यांच्या कपाटातली पुस्तकं मी शब्दकोश घेऊन वाचत आले. दुपारी दुसरं होतं काय? त्यामुळं आता असं चाललं आहे की निधी करून दाखवते, मी पाहते आणि कुठं चुकलं ते सांगते. पाहायला मला येतं. तेहेतीस वर्षं पाहिलं आहे.

पेल्यांचा प्रकार तुम्हाला आठवत असेल. अकोल्याच्या रेल्वे क्वार्टरमधल्या ज्या गार्डीणबाईंनी, रेल्वेगार्डच्या बायकोनं, तुम्हा भावंडांना शिकवलं, त्यांचीच ती युक्ती, असं हे सांगायचे. डोक्यावर पाण्यानं भरलेला स्टीलचा पेला ठेवायचा. मग फक्त खांदा हलवायचा. मग फक्त बरगड्या. मग फक्त कंबर. बाकी अंग जागच्या जागी शांत. याला आयसोलेशन म्हणतात. एक अवयव हलला तर दुसऱ्याला पत्ता लागता कामा नये. पोरींचे पेले धडाधड पडतात. हॉल पुसायचं काम वाढलं आहे.

पाय दुखले की पोरी बसतात आणि मी त्यांना गोष्टी सांगते. जहाजांत कोंबून अमेरिकेत आणलेल्या आफ्रिकेतल्या माणसांकडून मालकांनी ढोल काढून घेतले. ढोलावर निरोप धाडतील, बंड करतील, अशी भीती. कायदाच केला तसा. मग त्या माणसांनी मांडीवर, छातीवर हात मारून आणि पायांनी जमीन बडवून ठेका धरला. ढोल घेतला तर अंगाचा ढोल केला. या नाचाचं मूळ तिथं आहे. मालक लोक मेजवानीत कसे ऐटीत चालतात त्याची नक्कल करून ते नाचायचे, आणि मालक टाळ्या वाजवायचे, आपलीच थट्टा चालली आहे हे न कळता. पोरींना ही गोष्ट फार आवडते. परवा एकीनं तिच्या मुख्याध्यापकांची चाल करून दाखवली. मी रागावले नाही.

भगवंतदादा येऊन गेले. कोणी तरी कळवलंच. मी चहा दिला आणि सांगितलं की दादा, ज्या माणसाला अमेरिकेत या नाचाचा बाप समजतात, तो आपलं भरतनाट्यम शिकला होता आणि मानेची, डोळ्यांची हालचाल त्यानं तिथून उचलली, असं पुस्तकात आहे. दादांनी चहा संपवला. म्हणाले, “मग सरळ भरतनाट्यम शिकवा ना.” घराण्यात वकिली असती तर दादांनी बरंच नाव काढलं असतं. जाताना तुमचाही विषय निघाला. ते म्हणाले, ताराच्या नादी लागू नका, तिची तर तेव्हा स्टेपही चुकली होती, आख्खा हॉल हसला. निधी तिथंच उभी होती. मी कपबशी उचलली. तुम्हाला लिहिते आहे एवढंच.

एक अडचण आहे, टाळीची. या नाचात टाळी एकवर पडत नाही. एक, दोन, तीन, चार मोजले तर दोनवर आणि चारवर पडते. आमच्या पोरी आरतीत वाढलेल्या. हात आपोआप एकवर जातो. निधीचासुद्धा. यावर काय करावं?

रुख्मिणी


राजापेठ, अमरावती
१४ जुलै २०२४

ताराताई,

टाळीचं मी सोडवलं, तुमच्या उत्तराची वाट न पाहता.

माझे वडील खुशालराव धामणगावच्या भजनी मंडळात खंजिरी वाजवत. दिवसभर शेतात, रात्री मंडळात. त्यांची एक खोड होती. टाळकरी टाळ मारत एकवर, सगळेच मारतात. वडील ती मात्रा सोडून देत आणि मागून थाप टाकत. मंडळातले लोक चिडत. बुवा म्हणत, खुशाल, तू नेहमी उशिरा का येतो रे? वडील म्हणत, “मी उशिरा नाई येत. तुमी घाईत असता.”

तुमचे भाऊ मला पाहायला आले नव्हते. ते मुंबईहून शिकून आलेले, अमरावतीत क्लास काढायच्या खटपटीत. कुठल्या तरी स्पर्धेत वडिलांची खंजिरी ऐकली आणि पत्ता काढत धामणगावला आले. आमच्या ओट्यावर बसून म्हणाले, हे पुन्हा वाजवा. वडिलांनी वाजवलं. हे म्हणाले, पुन्हा. असं चारसहा वेळा येणं झालं. मग वडिलांच्या लक्षात आलं की हा माणूस आता खंजिरीसाठी येत नाही. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या घरी तेव्हा काय बोललं गेलं तेही.

तर ती खंजिरी मी माळ्यावरून काढली. कातडं ढिलं झालं होतं, उन्हात ठेवलं. पोरींना गोल बसवलं. अर्ध्या जणींना टाळ दिले, म्हटलं, तुम्ही तुमच्या सवयीनं वाजवा, एकवर. उरलेल्यांनी त्यांना उत्तर द्यायचं, आधी बोलायचं नाही. ऐकायचं, मग बोलायचं. तासाभरात दोनची टाळी बसली. टाळ काढून घेतले तरी बसून राहिली.

नाचाबद्दल तुम्हाला पुरं सांगितलंच नाही. न्यू ऑर्लीन्स म्हणून अमेरिकेत एक गाव आहे. तिथं माणूस गेलं की बँड लावून नेतात. जाताना संथ, जड पावलं. पुरून झालं, त्याला निरोप दिला, की परतीच्या वाटेवर बँड ठेका बदलतो आणि लोक नाचत घरी येतात. बँडच्या मागून येणाऱ्या गर्दीला दुसरी ओळ म्हणतात. रस्त्यावरचा कोणीही तीत शिरला तरी चालतं. हा नाच ते बसवत होते. जायचा भाग बसला. परतीचा राहिला, त्यात तुमचा गॅदरिंगचा नाच यायचा होता.

आपल्याकडं उलटं आहे. जाताना टाळ-मृदंग, भजन; येताना कोणी कोणाशी बोलत नाही. मी हे वाचलं तेव्हा यांना म्हणाले होते, तिकडची माणसं जरा निलाजरी दिसतात. ते हसले.

आता वाटतं तसं नाही. आपल्यात बायका मसणात जात नाहीत. यांना नेलं तेव्हा मी उंबऱ्याच्या आत होते. कोपऱ्यावर वळेपर्यंत दिसले. जाताना मी नव्हते, ताराताई. तुम्हीही नव्हता. येताना तरी असावं, एवढंच माझं म्हणणं आहे. मी पोरींसाठी क्लास चालवते असं पहिल्या पत्रात लिहिलं होतं. ते अर्धं खरं होतं.

तेव्हा परतीचा भाग मला हवाच. आता दिवाळीपर्यंत वाट पाहते. मग मी येते.

रुख्मिणी


अकोला बसस्थानक
१० नोव्हेंबर २०२४

ताराताई,

बार्शीटाकळीहून निघून आता इथं बसले आहे. अमरावतीची गाडी लागायची आहे. निधी शेंगदाणे आणायला गेली आहे. तुमच्या अंगणात काय झालं ते तुम्हाला सांगायची गरज नाही असं तुम्हाला वाटेल. पण तुम्ही स्वतःला पाहिलं नाही. आम्ही दोघींनी पाहिलं, म्हणून लिहिते.

तुमचे सहदेवराव ओट्यावर बसले होते. मी नाव सांगितलं तर त्यांनी आधी आत पाहिलं, मग म्हणाले, बसा, ती पाण्याले गेली, नळ आज नाही. आणि तेवढ्यात तुम्ही फाटकातून आलात. डोक्यावर हंडा, एक हात मोकळा. आम्हाला पाहून थबकला नाहीत. फाटकाशी वासरू आडवं होतं, त्याला कमरेनं बाजूला सारलंत, आणि हंड्यातलं पाणी हललं नाही. निधीनं माझा दंड धरला. सहदेवराव तिच्याकडं पाहून हसले. “चाळीस वर्सं झाली, हिच्या हंड्यातून थेंब सांडत नाई. मले वाटे, सोभाव हाये.”

तुम्ही हंडा उतरवलात आणि म्हणालात, “काहून आल्या?”

मी म्हटलं, पुढचं विचारायला.

“मले काई आठवत नाई. पत्रं मिळाली तुमची. लई लांब लिहिता तुमी.”

मी म्हटलं, उत्तर आलं असतं तर आखूड लिहिलं असतं. सहदेवरावांना खोकला आला. तुम्ही त्यांच्याकडं पाहिलं, खोकला थांबला.

चहा मात्र केलात. चहा होईतो मी काय काय बोलले, क्लासबद्दल, पेल्यांबद्दल. तुम्ही आधणाकडंच पाहत होता. मला वाटलं, उठावं. मी उठलेही. आणि मग निधी बोलली. तिच्या मनात वाईट काही नव्हतं, तुम्हीही तसं धरू नका. तिनं ऐकलं होतं ते तिनं विचारलं. “आत्या, त्या गॅदरिंगमध्ये तुमची स्टेप चुकली होती ना? ती कुठली होती? म्हणजे आम्ही तिथं जपून करू.”

तुम्ही कपबशी खाली ठेवली. “कोन सांगे?”

निधी माझ्या मागे सरकली.

“कोन म्हने मी चुकली?”

पदर कमरेला खोचलात. चप्पल काढलीत. सहदेवराव ओट्यावरून पाय वर घेऊन बसले, जसं झाडताना बसतात. आणि तुम्ही सुरू केलंत, सारवलेल्या अंगणात, ना म्युझिक ना काही. तोंडानं मोजत होता, गार्डीणबाईंसारखं असेल, इंग्रजीतून. फाइव्ह, सिक्स, सेव्हन, एट.

ताराताई, मी तेहेतीस वर्षं जॅझ पाहिला आहे. गुडघे सैल, खांदे खाली, पाऊल पडायच्या आधीच त्याला जायचं कुठं ते ठाऊक. एक पाय झटकून लगेच दोन्ही पावलांवर वजन बदलायचं ती पोरींची नेहमी अडखळायची जागा. तुम्ही ती अशी ओलांडली की निधी स्वतःशीच मोजायची थांबली. तुम्ही नाचत नव्हता. तुम्ही साक्ष देत होता. सगळं जसंच्या तसं, त्यांची पावलंसुद्धा करून दाखवलीत. इथं तो, इथं मी, इथं दोघं. मग एकदम थांबलात.

“इथं. हॉलनं टाळ्या वाजवाले सुरुवात केली, एकवर. आपल्या लोकाइले तेच येते. अन् हा त्या टाळ्याइच्या मांगं गेला. मी माझ्या जागी होती. दोघाइचं जुळलं नाई तं लोकाइले वाटलं पोरगी चुकली. पोरगीच चुकते ना.”

निधीनं विचारलं, मग पुढं?

“पुढं काय. हसले लोकं. पडदा पाडला. बाबा म्हने, नाचून अब्रू घालवली ते घालवली, धड नाचताही नाई आलं. त्या उन्हाळ्यात लगन. हा तिथंच उभा होता. एक शब्द नाई बोलला. मुंबईले गेला शिकाले.” तुम्ही पदर सोडलात. “नाच तिथंच तुटला, पोरी. पुढचं कोनालेच ठाऊक नाई.”

मी तेव्हा सांगितलं तेच पुन्हा लिहिते, कारण तुम्ही पाठ फिरवली होती आणि ऐकलंत की नाही कळलं नाही. तुमचा विषय निघाला की ते म्हणायचे: चुकलो मी, हसले ताराला.  मी त्यांची बाजू घेत नाही. तुम्हाला कळवायला हवं होतं, कळवलं नाही. तेहेतीस वर्षांत मीही त्यांच्याकडून तुम्हाला एक ओळ लिहवून घेऊ शकले नाही; काही बाबतीत तो माणूस दगड होता.

तुम्ही पाठमोऱ्याच म्हणालात, “तुमाले सांगून काय फायदा? सांगाचं त्या हॉलले होतं.”

 आम्ही निघालो. तुम्ही फाटकापर्यंत आला नाहीत. सहदेवराव आले. त्यांनी निधीला पेरू दिले आणि हळूच म्हणाले, “मले वाटे, सोभाव हाये.”

गाडी लागली. निधी फलाटावरच पावलं टाकते आहे, लोक बघताहेत. तिनं सगळं उचललं आहे, तुटलं तिथपर्यंत.

रुख्मिणी


राजापेठ, अमरावती
१९ जानेवारी २०२५

ताराताई,

लांब लिहिते म्हणता, म्हणून थोडक्यात. जवळच्या शाळेचं सभागृह मिळालं आहे. वर्षश्राद्ध फेब्रुवारीत, तिथीची तारीख सोबतच्या चिठ्ठीवर आहे. नाच संध्याकाळी सहाला. भगवंतदादांना मी स्वतः सांगितलं, दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून. ते म्हणाले, पाटावर दुसरा कोणी बसवा. मी म्हटलं, बरं. राजापेठेतले एक गुरुजी ठरवून ठेवले आहेत.

तुटलं त्याच्या पुढचं आम्ही दोघी बसवतो आहोत, निधी आणि मी. ती पावलं काढते, मी नको म्हणते. दोन गोष्टी नक्की झाल्या. तुटलं तिथं पोरी थांबतील, झाकून घेणार नाहीत. आणि तुमची जागा रिकामी राहील. निधीच्या उजव्या हाताची. पोरी ती जागा सोडून नाचायला शिकल्या आहेत. अवघड गेलं, रिकामी जागा माणसाला ओढते.

या असं लिहीत नाही. तारीख कळवली.

रुख्मिणी


राजापेठ, अमरावती
वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी

ताराताई,

सकाळचं आधी. गुरुजी यायच्या वेळेला दारात भगवंतदादा. सोवळ्याची पिशवी काखेत. म्हणाले, परक्या माणसाला गोत्र नीट सांगता येत नाही, त्याचा दोष मागे लागतो. बसले पाटावर, सगळं रीतसर केलं, पिंडाशी हात थोडा थांबला. जेवले. निघताना चपला घालता घालता म्हणाले, “संध्याकाळचं मला काही माहीत नाही. मला कोणी सांगितलं नाही.” मी म्हटलं, हो, मी विसरले सांगायला.

संध्याकाळी सभागृह भरलं. पोरींचे आईबाप, आज्या, गल्लीतले, जुने विद्यार्थी, आणि फुकट असलं की येतात ते. नाच सुरू व्हायच्या आधी मी स्टेजवर गेले, हातात वडिलांची खंजिरी. आयुष्यात माइकवर बोलले नव्हते. बोलले ते असं. लिहून काढते, कारण ते तुमचं आहे.

मी म्हटलं, नमस्कार. मी कमलाकांत सरांची बायको. आज त्यांचं वर्षश्राद्ध आहे. पोरी नाचणार आहेत त्यात तुमचंही काम आहे, टाळीचं. आपल्याला टाळी एकवर वाजवायची सवय आहे. आज तशी वाजवायची नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका गॅदरिंगमध्ये सर आणि त्यांची बहीण तारा यातला परतीचा नाच नाचत होते. हॉलनं एकवर टाळ्या वाजवल्या. सर हॉलच्या मागे गेले आणि चुकले. तारा चुकली नाही. लोक हसले ताराला. सरांनी तेव्हा तोंड उघडलं नाही आणि नंतरही उघडलं नाही. चूक सरांची होती. हा तो हॉल नव्हे, पण आपण माणसं तीच आहोत, म्हणून इथं सांगितलं.

 कोणाचं तरी पोर रडलं तेवढंच.

मग मी टाळी शिकवली. म्हटलं, पहिली मात्रा येईल. ती जाऊ द्या. हात उचलू नका. जाणाऱ्याला जाऊ द्यायचं. मग वाजवायची. मी खंजिरीनं दाखवलं. पहिल्यांदा गोंधळ. एक आजोबा पहिल्या रांगेत सगळ्यांच्या आधी वाजवत होते, त्यांच्या नातीनं त्यांचे हात धरून ठेवले. पाचसात वेळा केल्यावर अख्खं सभागृह दोनवर आलं. ते ऐकायला हवं होतं. एवढी माणसं एकदम एक मात्रा सोडून देतात तेव्हा त्या सोडलेल्या जागेचाही आवाज येतो.

पोरी आल्या. जायचा भाग झाला, जड पावलांचा. त्यात टाळी नाही. मी कडेला उभी होते आणि मला कोपऱ्यावर वळणारी माणसं दिसत होती. मग ठेका बदलला. लोकांनी टाळी धरली. पण लोक ते लोकच. नाच रंगला तसे हात हळूहळू एकवर सरकू लागले. आधी पुढच्या रांगा, मग मधल्या. मी खंजिरी वाजवत होते, पण एका खंजिरीचं एवढ्या हातांपुढं काय चालणार? निधीनं माझ्याकडं पाहिलं. तुमच्या पावलांची जागा जवळ येत होती, अगदी तीच, जिथं ते घसरले.

तेव्हा मागून टाळी आली. शेवटच्या रांगेतून. एकाच माणसाची, कोरडी, कामाच्या हाताची टाळी. दोनवर. चारवर. ती कोणाच्या मागे गेली नाही. आधी मागची रांग तिच्याजवळ आली, मग मधली. आजोबा तेवढे शेवटपर्यंत एकवर राहिले.

निधीनं ती जागा ओलांडली. पाऊल चुकलं नाही. तुटलं तिथं पोरी थांबल्या, म्युझिकही थांबलं, आणि नुसत्या टाळ्या चालू राहिल्या. ते आम्ही बसवलेलं नव्हतं. मग निधी वळली आणि सगळ्या जणी घरी निघाल्या. सुरुवातीची तीच चाल, पण गुडघे सैल, खांदे मोकळे, एक जागा रिकामी ठेवून. परतीचा भाग एवढाच आहे, ताराताई. यापेक्षा जास्त आम्हाला सुचलं नाही. पुरला.

दिवे लागले तेव्हा शेवटची रांग रिकामी होती. निधी म्हणते, डोक्यावरून पदर घेतलेल्या एक बाई दारातून जाताना दिसल्या, चप्पल हातात होती, आणि बरोबरचे गृहस्थ सारखे तिच्याकडं बघत होते. त्या कोण हे मी विचारणार नाही. अकोल्याची शेवटची गाडी लवकर असते, ते मला माहीत आहे.

मी घरी आले. हॉलमध्ये दिवा लावला. तिथं काही वाजत नव्हतं आणि ते मला सहन झालं. वर्षभरात पहिल्यांदा.

आता कामाचं. जूनपासून नवी बॅच घेते आहे. निधी शिकवेल, मी पाहीन. पण पोरींना अंगानं सांगणारं, वयानं मोठं माणूस हवं. मंगळवारी पाचला क्लास असतो. बार्शीटाकळीहून दुपारच्या गाडीनं निघालं तर वेळेवर पोचता येतं. सहदेवरावांनाही आणा, बसायला ओट्यासारखी खिडकी आहे.

यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. उत्तर पाठवायची गरज नाही, तुम्ही पाठवत नाही हे आता माहीत झालं आहे. सैल कपडे घालून या. पेले आमच्याकडे आहेत.

तुमची वहिनी,
रुख्मिणी